सगळे एक जूनचे

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "शालूताई, गोळी वाढवायची का राग कमी करायचा, तुम्हीच ठरवा." मी म्हणलं, राग कमी करायचीच गोळी द्या की. तर म्हणे वही करा, लोकांच्या तोंडावर जे बोलावं वाटतं ते वहीत लिहा. मंग ही वही. दोनशे पानी, माझ्याच दुकानातली, म्हणजे पैसे बी माझेच.

अंबडला कोर्टासमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवून ज्याचं बीपी वाढत न्हाई, त्याला मी कोपरापासून हात जोडीन. "ताई, ओटीपी म्हणजे काय?" दिवसातून चाळीस वेळा.

आज बेबीनंदा आल्ती. माझ्या माहेरच्या अप्पाराव खरातांची सून. तिचा नवरा संघपाल शाळेत माझ्या एक वर्ष पुढं. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये तेरा वर्षं भट्टीवर होता. मंग २०२० च्या जानेवारीत जर्मनीला गेला, तिथल्या पोलादाच्या कारखान्यात. गेल्या ऑगस्टात ड्यूटीवरून आला, झोपला, आणि उठलाच न्हाई.

बेबीनंदा स्वतः एमआयडीसीतच बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरती. पोरगी प्रीती संभाजीनगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. इथली पीएफची पेन्शन येती, पण ती तेलमिठापुरती. जर्मनीची पेन्शन बसली तर प्रीती शिकणार, न्हाई तर आईशेजारी पाकिटं भरायला बसणार. आणि तिकडून निरोप असा, की पेन्शनला पाच वर्षं लागतात, तुमच्या माणसाची भरली तीन वर्षं सात महिने.

"ताई, मला येवढंच सांगा," बेबीनंदा म्हणली, "हितं तेरा वर्सं भट्टीम्होरं भाजला, तिथं साडेतीन. हितले म्हणतेत सोडून गेला, तिथले म्हणतेत कमी पडला. मंग माझा माणूस कुठंच मोजायचा न्हाई का?"

मी म्हणलं, कागद ठिवून जा, बघते. रडूबिडू नको दुकानात, गिऱ्हाईक पळतं. किती वाईट बोलले. पण ती हसली.

१४ ऑगस्ट, बुधवार

सापडलं! भारताचा आणि जर्मनीचा करारच आहे. इथली पीएफची वर्षं आणि तिथली वर्षं जोडून मोजायची, आणि मंग पाच वर्षं भरली का ते बघायचं. पैसा ते त्यांच्या तीन वर्षं सात महिन्यांचाच देणार, पण दार तर उघडतं! इथून पीएफचा दाखला काढायचा, अर्जासोबत तिकडं पाठवायचा.

तेरा आणि साडेतीन. पाच कशाला, तिप्पट भरतात. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जर्मनीचा फॉर्म भरणार तू? तुला गॅसचा भरता येत न्हाई." हे एसटीत कंडक्टर, सगळ्या जगाला तिकीट फाडून देणारे. आता तर भरणारच.

३ सप्टेंबर, मंगळवार

गेला अर्ज. दाखला, मृत्यूचा कागद, लग्नाचा कागद, सगळं बराबर लावून. प्रीतीनं इंग्रजी तपासलं. पोरगी गुणाची आहे, माझ्या तीन चुका काढल्या आणि वर सॉरी म्हणली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जर्मनीचं पत्र आलं. मोबाइलचा कॅमेरा धरून मराठीत करून वाचलं, मंग जालन्याच्या एका वकिलाकडून अर्थ नीट लावून घेतला.

मजकूर असा: आमच्याकडं खरात आडनावाची चार माणसं नोंदलेली आहेत. चौघांचं जन्मगाव एक. चौघांची जन्मतारीख एक, १ जून १९७९. ही चार वेगळी माणसं आहेत, का एकाच माणसाचे चार कागद आहेत? भाऊ असाल तर तसं कळवा. भारतातली तेरा वर्षं ह्यातल्या नेमक्या संघपालचीच कशावरून? फेब्रुवारीअखेर पुरावा द्या, न्हाई तर आहे त्या कागदावर निर्णय घेऊ.

मी दुकानात मोठ्यानं हसले. चार जुळे! मंग हसू बंद झालं. त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मला बी हा बोगस कारभार वाटला असता.

त्यांना काय माहीत, की आमच्या गावात अर्धी माणसं एक जूनची आहेत. मी बी एक जूनचीच. आणि ही तारीख कोणी लिहिली ते मला चांगलं माहीत आहे. काकासाहेब गुरुजी, मुख्याध्यापक. माझा बाप.

३० नोव्हेंबर, शनिवार

गावी गेल्ते. शाळेत १९८५ चं रजिस्टर बघितलं. पहिलीला चौतीस पोरं. एकतिसांची तारीख एक जून. पाटलाचं पोरगं एक जून, खरातांची चौघं एक जून, सगळं दादांच्या, माझ्या बापाच्या, सुंदर अक्षरात. येवढं सुंदर अक्षर आणि आत येवढा गोंधळ.

तिथून घरी. दादा ओसरीवर पेपर वाचत बसल्ते. चौऱ्याऐंशी वय, पण चष्म्याच्या वरून अजून तसंच बघतात. मी म्हणलं, "दादा, तुमच्या एक जूनपायी एका बाईची पेन्शन अडकली."

"शाळेला तारीख लागत होती," दादा म्हणाले. "आईबाप सांगायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, ज्वारी खुडताना झाला. त्याची तारीख कशी काढायची? शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. त्यात कोणाचं वाईट केलं मी?"

"मंग असं स्टँपवर लिहून द्या."

"काय लिहून देऊ? काकासाहेब हेडमास्तरांनी छत्तीस वर्षं खोट्या तारखा लिहिल्या, असं?" आणि पेपर वर केला.

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. गावच्या पोरांचं ठीक आहे, आईबापांना तारीख माहीत नव्हती. तुम्हाला तर लिहितावाचता येत होतं! सख्ख्या लेकीला बी एक जून? मी सहा वर्षांची असताना पहिलीत बसवलं, त्याच दिवाळीत आई गेली. तारीख सांगणारं कोणी राहिलंच न्हाई. लहानपणी विचारलं की दादांचं एकच उत्तर, "रजिस्टरला आहे ती."

आज बी तेच म्हणाले. "शाळेत सगळ्यांना एकच तारीख. हेडमास्तरच्या मुलीला वेगळी नाही."

चहा न पिता आले. बीपी बघितलं न्हाई, भीती वाटली.

११ डिसेंबर, बुधवार

कामाची गर्दी. त्यात दुपारी दादा एसटीनं अंबडला आले. दुकानाच्या दारात पाच मिनिटं उभे, भांडणाचं नाव न्हाई, अर्जाचं नाव न्हाई. पाव किलो बालुशाही काउंटरवर ठिवली आणि "उन्हातान्हात फिरू नकोस" म्हणून गेले. डिसेंबरात ऊन! दरवर्षी थंडी सुरू झाली की दादांना ही बालुशाहीची लहर येती. मला बीपी, आमच्या ह्यांना शुगर, खाणार कोण? शेजारच्या टायपिंगवाल्याला देऊन टाकली.

२० डिसेंबर, शुक्रवार

बेबीनंदासोबत जालना एमआयडीसीत संघपालच्या जुन्या मिलमध्ये गेल्ते. म्हणलं तिथं त्याची काही वेगळी खूण सापडंल. मिलचा मालक बदलला, जुन्या फायली रद्दीत गेल्या. हजेरी ठिवणारे बद्रीनाथ म्हणून एक म्हातारे तेवढे जुने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ह्या मिलमध्ये एक जूनला निम्म्या लोकांचा वाढदिवस राह्यचा. माझा बी एक जूनच हाय." 

परत येताना बेबीनंदानं पिशवीतून एक कार्ड काढलं. संघपालच्या सामानात आलेलं. रंगीत, आत पंधरावीस जर्मन सह्या, वर संघपालचं नाव आणि तारीख १४-४-२०२२. वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मी आधी आजूबाजूला बघितलं. म्हणलं, "बेबीनंदा, हे कोणाला बिलकुल दाखवू नको. कागदावर एक जून आणि तिकडं चौदा एप्रिल सांगत होता? सगळंच खोटं ठरंल." तिनं गपकन पिशवीत टाकलं. ती काही सांगत होती, पण मी ऐकूनच घेतलं न्हाई. मी कार्ड लपवायला लावलं, त्याचा तिला काय अर्थ लागला असंल, देव जाणे.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

प्रीतीनं कॉलेज सोडलं. सोडलं न्हाई म्हणती, "थोडे दिवस थांबलेय." पण पाकिटं भरून राह्यली. मी फोनवर रागावले तर म्हणली, "मावशी, फेब्रुवारीपर्यंत बघू ना."

मी उगीच आशा लावली. गॅसचा फॉर्म भरावा, सातबारा काढावा, कशाला नाही त्या गोष्टीत डोकं घातलं? बेबीनंदाला सांगून टाकते, होत न्हाई म्हणून.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सांगायला म्हणून गावी गेले, पण तिच्या घराच्या दारात माझ्याच्यानं बोलवंना. तिळगूळ दिला आणि म्हणलं, चल, एकदा दादांच्या पाया पडू, तुझं ऐकतात का बघू.

दादांनी तिला खुर्ची दिली. मला न्हाई. बेबीनंदा खुर्चीवर बसलीच न्हाई, उभ्यानंच म्हणली, "जय भीम, गुरुजी. येक विचारायचं व्हतं. सासरे सांगायचे, गुरुजींनी माझा अंगठा दोनदा घेतला. येकदा सरकारच्या वहीत आन् येकदा स्वताच्या वहीत. ती दुसरी वही हाय का अजून?"

दादांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडं बघितलं.  मंग म्हणाले, "अप्पारावनं सांगितलं होतं तुला?" आणि उठून आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

काळ्या पुठ्ठ्याची जाड वही. वर लिहिलेलं: पालकांनी सांगितले तसे.

मी उघडायला गेले तर वहीवर हात ठिवला. "पंच्याऐंशीचंच पान. पुढे उलटायचं नाही. लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत." मला काय पडलंय लोकांच्या घरचं! (पडलंय. फार पडलंय. पण उलटलं न्हाई.)

पंच्याऐंशीचं पान. एकेक पोरगं, समोर आईबापाचं सांगणं, खाली त्यांचा अंगठा. "पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुवायला नेले असता." "पाटलाच्या विहिरीला पाणी लागले त्या रात्री." चार खरात, चार वेगळे दिवस, चार वेगळे बाप, चार अंगठे. आणि तिसऱ्या नंबरला:

"संघपाल. वडील अप्पाराव सांगतात: एकोणऐंशी साली, जयंतीच्या सकाळी, मिरवणूक निघायच्या आधी. म्हणून मिरवणुकीस उशीर झाला."

जयंती. चौदा एप्रिल!

मी ओरडलेच, "बेबीनंदा, कार्ड! कार्ड कुठाय?" तिनं कंबरेच्या पिशवीतून काढलं. तीन आठवडे सोबत घेऊन फिरत होती. मी लपवायला सांगितलेलं कार्डच आमचा पुरावा! कार्ड वहीशेजारी ठिवलं. इकडं चौदा एप्रिल, तिकडं चौदा एप्रिल. बेबीनंदानं सासऱ्याच्या अंगठ्यावर बोट ठिवलं आणि रडली. मी बी रडले. दादा तेवढे चष्मा पुसत बसले, चांगल्या पुसलेल्या काचा परत पुसून राह्यले.

१६ जानेवारी, गुरुवार

भारत खरातला फोन लावला. चौघांतला एक, अजून तिथंच कामाला आहे. तो म्हणाला, "ताई, हितं ज्याचा वाढदिवस त्यानंच सगळ्याला खाऊ घालायचं असतंय. आमी तिघं एक जूनला केक नेतो, कागदावर हाय म्हणून. संघपाल न्हाई ऐकला. म्हणला, माझा बाप सांगून गेलाय, मी चौदा एप्रिललाच. रात्रभर जागून शिरा केल्ता त्यानं अख्ख्या शिफ्टला. त्यांना लई आवडला." मुकादमाकडून तसं सहीनिशी पत्र घेऊन पाठवतो म्हणला. येवढंच न्हाई, बाकीच्या दोघांचे बी जबाब पाठवतो, की आम्ही चौघं वेगळे आहोत आणि जिवंत तिघं समोर उभे आहोत.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस.

दादा स्वतःहून आले. सकाळच्या एसटीनं, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, काखेत वही. मी लिहून ठिवलेलं शपथपत्र वाचलं आणि पेन मागितलं. वाटलं आता सगळं खोडतात. त्यांनी एकच वाक्य खोडलं. मी लिहिल्तं, "सदर तारखा प्रशासकीय सोयीसाठी नोंदवण्यात आल्या." दादांनी लिहिलं, "सदर तारखा मी स्वतः लिहिल्या. त्या खऱ्या नाहीत. खरे काय ते मी या दुसऱ्या वहीत लिहिले."

नोटरी वकिलांनी विचारलं, "गुरुजी, हे वाचून सही करताय ना?" तर दादा वर्गात बोलतात तसं बोलले, अख्ख्या बाररूमला ऐकू गेलं: "छत्तीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने काढल्या. आज स्वतःची काढतोय. आणा इकडे."

कोपऱ्यातून एक काळा कोट उठला आणि दादांच्या पाया पडला. "गुरुजी, मी ब्याण्णवच्या बॅचचा. मी बी एक जून." मंग दुसरा. मंग टायपिंगवाला. कोणी नोटरीचे पैसे घेतले न्हाईत. वकिलांनीच इंग्रजीत करून दिलं. माझ्या झेरॉक्सवर वहीच्या पानाच्या प्रती काढल्या, अंगठ्याच्या रेषा रेषा उमटल्या. दादांनी वही परत काखेत मारली. मी म्हणलं, ठिवा की इथं चार दिवस. "नाही," म्हणाले.

आज मला दादांचा राग आला न्हाई. लिहून ठिवते, परत कधी होईल सांगता येत न्हाई.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं वेळेत पोचलं, तशी पावती आली. प्रीतीला सांगितलं, आता कॉलेजला जा. म्हणली, निकाल लागू द्या.

२ एप्रिल, बुधवार

न्हाई आलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गावी मिरवणुकीला गेल्ते, निळा फेटा बांधला. बेबीनंदानं मोठ्या पातेल्यात शिरा केल्ता. आधी घरात संघपालच्या फोटोपुढं वाटी ठिवली, मंग सगळ्यांना वाटला. मिरवणूक मुद्दाम दहा मिनिटं उशिरा काढली पोरांनी. कोणी सांगितलं न्हाई, कशासाठी. सगळ्यांना माहीत होतं.

१६ मे, शुक्रवार

आलं! आलं! आलं!

पाकीट दातानंच फोडलं. वाचलं. परत वाचलं. जालन्याच्या वकिलाला फोटो पाठवला, त्यांचा फोन येईपर्यंत पाणी प्यायचं सुचलं न्हाई. मंजूर! इथली तेरा वर्षं मान्य, तिथल्याला जोडली. बेबीनंदाला पेन्शन, प्रीतीला शिक्षण सुरू असेपर्यंत वेगळी. आणि मागची थकलेली बी. शेवटी एक ओळ वेगळी लिहिलेली होती: तुमच्या मुख्याध्यापकांचे निवेदन आमच्या संपूर्ण विभागाने वाचले.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तशीच स्कूटीवर एमआयडीसी. वॉचमन आत सोडंना, मी गेटवरूनच हाक मारली, "बेबीनंदा! धरला गं, तुझा माणूस मोजला!" पाकिटं भरणाऱ्या बाया बाहेर आल्या. बेबीनंदा पळत आली, हाताला बियाण्याचं गुलाबी औषध तसंच.  दोन्ही गुलाबी हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. प्रीती मागं उभी होती. तिनं डोक्याची टोपी काढून वॉचमनच्या टेबलावर ठिवली आणि म्हणली, "मावशी, संभाजीनगरची शेवटची बस किती वाजता?"

आमचे हे म्हणाले, तिकीट मी फाडतो, माझ्या खिशातून.

१ जून, रविवार

आज शाळेत एक जूनवाल्यांचा वाढदिवस. बेबीनंदानं ठरवलं, आणि कोण न्हाई म्हणणार? आजूबाजूच्या गावांतून दोनशेवर माणसं. काळे कोट आले, मिलचे बद्रीनाथ आले, भारतनं जर्मनीहून व्हिडिओवर हात हलवला. संघपालसारखंच, बेबीनंदानंच सगळ्यांना शिरा खाऊ घातला. दादांना मधोमध बसवलं. लोक ओळीनं येऊन म्हणत होते, "गुरुजी, माझं खरं काय लिहिलंय?" आणि दादा वही उघडून एकेकाला त्याचा दिवस वाचून दाखवत होते. हुरड्याच्या दिवसातला. गौरी जेवल्या त्या संध्याकाळचा. साठ वर्षांचे बाप्ये आपलं जन्माचं ऐकून डोळे पुसत होते.

मी लांब उभी. मला कोण बोलावणार, मी तर हेडमास्तरची पोरगी.

सगळे गेल्यावर दादांनी वही माझ्या हातात दिली. "शहाऐंशीचं पान. आता उलट."

पहिलंच नाव.

"शालू. आई सांगते: ११ डिसेंबर १९८०, गुरुवार. थंडी फार. गुरुजी शाळेत निघून गेलेले. इकडे पहिली घंटा झाली आणि पोरगी रडली. म्हणून हिचा दिवस मी चुकणार नाही, तुम्हीही चुकू नका."

खाली आईचा अंगठा. निळा, जरासा तिरका. माझ्याकडं आईचा फोटो बी न्हाई.

मी म्हणलं, "दादा, सांगितलं का न्हाई?"

"सगळ्या गावाला एक तारीख दिली, मंग—" माझ्या बापाच्या तोंडून पहिल्यांदा 'मंग' ऐकलं. "मग घरात दुसरी कशी उच्चारू? पण चुकलो नाही मी. एकही वर्ष."

मला कळलं न्हाई, काय चुकले न्हाईत. घरी येऊन ही वही काढली आणि अकरा डिसेंबरचं पान उघडलं.

बालुशाही. टायपिंगवाल्याला देऊन टाकली. आणि त्याच्या आधीच्या सगळ्या डिसेंबरांची कोणाकोणाला दिली, आता आठवत बी न्हाई.

उद्या पाव किलो आणणार आहे. सकाळच्या एसटीनं गावी जाणार, ओसरीवर बसणार आणि दादांसमोर सगळी खाणार. डॉक्टर गेले उडत.